कंस, फेरफार आणि पूर्वस्थिती : संगणकीय नोंदींतील बदलांच्या मागोव्याचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील हस्तलिखित सातबाऱ्यावर जमिनीचा धारक बदलला तरी जुन्या धारकाचे नाव पुसून टाकण्याची पद्धत नव्हती. त्या नावास कंस केला जाई, नवे नाव लिहिले जाई आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात नोंदविला जाई. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की बदल खरेदीखताने झाला, वारसाने झाला, वाटणीने झाला की न्यायालयाच्या हुकमाने, हे कळे. तो कोणी नोंदविला व कोणी प्रमाणित केला, तेही तेथेच वाचता येई. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्ये या कार्यपद्धतीचे नियम आहेत. नोंदीची प्रत चावडीत लावावी, हितसंबंधितांना नोटीस द्यावी, हरकत आल्यास ती तक्रारींच्या वेगळ्या नोंदवहीत घ्यावी आणि त्यानंतरच नोंद प्रमाणित व्हावी. फेरफार पुढे अपिलात चुकीचा ठरला तरी वहीतील पान फाडले जात नाही. अपिलातील आदेशाच्या आधारे नवा फेरफार घातला जातो. चूक आणि तिची दुरुस्ती अशी दोन्ही वहीत राहतात.

या पद्धतीतील आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. एका फेरफाराने केवळ सातबारा बदलत नाही. खातेदाराच्या एकूण जमिनीचा गोषवारा देणारा गाव नमुना आठ-अ बदलतो आणि वाटणी झाली असेल तर पोटहिश्श्यांच्या नोंदी नव्याने तयार होतात. या सर्व कागदांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे तो एकच फेरफार क्रमांक होय.

संगणकावर नोंदी ठेवण्याची विद्या सात दशकांची आहे. एका बदलाने हललेल्या अनेक परस्परसंबंधित नोंदींना एकाच क्रमांकाने बांधणे आणि गरज पडल्यास त्यांना एकत्रितपणे मागे नेणे हे त्या विद्येला मात्र अद्यापही सहज साधलेले नाही. असे का झाले, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खतावणी, चुंबकीय फीत आणि तबकडी

लुका पाचोली यांचा गणितविषयक ग्रंथ १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत त्यातून युरोपभर पोहोचली. या पद्धतीत चुकीची रक्कम खरवडून काढण्यापेक्षा तिच्याविरुद्ध उलट नोंद करणे हा शिष्टाचार ठरला. खरवडलेल्या वहीला न्यायालयात किंमत नसे, हे त्यामागील व्यावहारिक कारण होते.

संगणकाच्या आरंभीच्या काळात हा शिष्टाचार आपोआप पाळला गेला. १९५० च्या दशकात माहिती चुंबकीय फितीवर असे. जुनी मुख्य फीत आणि दिवसभरातील व्यवहारांची फीत यांचे संयोजन करून तिसरीच नवी फीत लिहिली जाई. जुनी फीत शिल्लक राही, तिच्या आधीचीही राही आणि या पिढ्यांना आजोबा, वडील व मुलगा अशी कौटुंबिक नावे मिळाली होती. इतिहास जपावा असा कोणाचा तात्त्विक आग्रह नव्हता. फितीच्या मध्येच एखादी नोंद बदलणे व्यवहार्य नव्हते, एवढेच.

१९५६ मध्ये आयबीएमने रॅमॅक ही तबकडीवर आधारित यंत्रणा आणली. तिची क्षमता सुमारे ५० लाख अक्षरांची होती. आता कोणत्याही नोंदीपर्यंत थेट पोहोचता येऊ लागले आणि ती जागच्या जागी बदलता येऊ लागली. साठवणूक अत्यंत महाग असल्यामुळे जुने मूल्य पुसून त्याच जागी नवे लिहिणे हीच काटकसर ठरली. पुढील अर्धशतकातील बहुतेक डेटाबेसची घडण या काटकसरीतून झाली आहे. साठवणूक कवडीमोलाची झाल्यानंतरही सवय मात्र टिकून राहिली.

जुने मूल्य अर्थात पूर्णपणे नाहीसे होत नव्हते. यंत्र मध्येच बंद पडल्यास अर्धवट राहिलेले काम मागे घेता यावे म्हणून ते एका स्वतंत्र रोजनाम्यात, म्हणजे लॉगमध्ये, लिहिले जाई. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात झालेल्या सिस्टिम आर या प्रकल्पात ही कल्पना शास्त्रशुद्ध झाली. त्या प्रकल्पातील जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये व्यवहार या संकल्पनेवर जो निबंध सादर केला, त्यात जागच्या जागी बदल करण्याच्या प्रथेविषयी उघड शंका घेतली होती. उत्तम हिशेबनीस खोडाखोड करीत नाहीत, मग संगणकाने ती का करावी, असा त्यांचा रोख होता. एकदा पक्का झालेला व्यवहार रद्द करता येत नाही, त्याची भरपाई करणारा दुसरा व्यवहारच करावा लागतो, हेही त्यांनी त्यात स्पष्ट केले. १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी सागा या नावाने याच विचाराला व्यवस्थित रूप दिले.

लॉगच्या शास्त्राचा परमोत्कर्ष म्हणजे १९९२ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झालेली एरीज ही पद्धती. तिच्या कर्त्यांपैकी प्रमुख सी. मोहन हे मद्रासच्या आयआयटीचे विद्यार्थी. एरीजमध्ये एखादा बदल मागे घेतला तर ‘मागे घेतला’ ही गोष्टसुद्धा लॉगमध्ये नवी नोंद म्हणून लिहिली जाते. फेरफार रद्द करण्यासाठी नवा फेरफार घालण्याच्या पद्धतीशी तिचे साम्य लक्षणीय आहे. दोहोंमागे भीती एकच आहे. मागे घेण्याचे काम अर्धवट राहिले तर काय, या प्रश्नाला उत्तर हवे असते.

तथापि हा लॉग यंत्रासाठी होता, माणसासाठी नव्हता. वीज गेल्यानंतर यंत्राला उभे करणे हे त्याचे कार्य. ‘ही रक्कम मागील महिन्यात किती होती आणि ती कोणी बदलली?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी तो रचलेला नव्हता आणि उपयोग संपताच त्याची जागा मोकळी केली जाई.

विभागणीचे मोल

१९७० मध्ये एडगर कॉड यांनी संबंधात्मक प्रारूप मांडले. एक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी नोंदवावी आणि इतर ठिकाणी तिचा केवळ निर्देश करावा, हे त्याचे सार. परिणामी जे पूर्वी एका जाडजूड कागदावर असे, ते अनेक तक्त्यांत विभागले गेले आणि तक्ते फॉरेन कीच्या साह्याने एकमेकांशी जोडले गेले. या जोडणीची शुद्धता राखण्याची तरतूद एसक्यूएलच्या १९८९ च्या प्रमाणकात आली; मूळ नोंद काढल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदीही ओघाने काढून टाकण्याची सोय १९९२ च्या प्रमाणकात आली.

विभागणीचा लाभ निर्विवाद आहे. मोल मात्र इतिहासाने चुकविले, कारण आता ‘एका नोंदीचा इतिहास’ या शब्दांना नेमका अर्थ उरला नाही. महाविद्यालयीन कार्यालयातील एक काल्पनिक प्रसंग घेऊन हे पाहता येईल.

प्रथम वर्ष विज्ञान वर्गातील एका विद्यार्थ्याची नोंद चुकून वाणिज्य शाखेत वर्ग झाली असे समजू. विद्यार्थ्याच्या तक्त्यात केवळ शाखेचा रकाना बदलला. त्याबरोबर विषयांच्या तक्त्यातील त्याच्या तीन ओळी निघून गेल्या, प्रात्यक्षिकाच्या तुकडीतील त्याचे नाव गेले, शुल्काच्या फरकाची एक पावती तयार झाली आणि त्याचा हजेरी क्रमांक मोकळा झाला. दोन दिवसांनी तो क्रमांक प्रतीक्षायादीतील दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाला. दहाव्या दिवशी चूक लक्षात आली. आता ‘पूर्ववत करा’ म्हणजे नेमके काय करा?

शाखेचा रकाना मागे नेणे सोपे आहे. विषयांच्या तीन ओळी परत आणता येतील, पण त्यासाठी त्या ओळी विद्यार्थ्याच्या नोंदीबरोबरच, त्याच बदलाचा भाग म्हणून गेल्या होत्या, ही माहिती कोठेतरी हवी. जोडणारी ओळ ही स्वतः एक नोंद आहे आणि तिलाही इतिहास आहे, हे प्रणाली रचणाऱ्याच्या ध्यानात आले नसेल तर त्या ओळी कायमच्या गेल्या. हजेरी क्रमांकाचे तसे नाही. तो परत घ्यायचा तर दुसऱ्या, निर्दोष विद्यार्थ्याची नोंद बिघडते. येथे यंत्राला निर्णय घेता येत नाही, माणसालाच घ्यावा लागतो. पावतीचा प्रश्न तर सर्वस्वी वेगळा आहे. छापून हाती दिलेली पावती ‘झालीच नव्हती’ असे म्हणता येत नाही. तिची भरपाई परताव्याच्या नव्या नोंदीनेच होईल. एकाच चुकीतून हललेल्या संबंधित नोंदींपैकी काही पुन्हा उभ्या करावयाच्या, काहींबाबत तडजोड करावयाची आणि काहींविरुद्ध उलट नोंद घालावयाची, असा हा गुंता आहे. त्याला एक कळ दाबून सुटणारा उपाय असू शकतो, ही अपेक्षाच मुळात भाबडी होय.

काळाचे दोन अर्थ

१९८५ मध्ये रिचर्ड स्नॉडग्रास आणि इल्सू आन यांनी डेटाबेसमधील काळाचे वर्गीकरण केले. वस्तुस्थिती जगात केव्हा खरी होती, हा एक काळ. ती डेटाबेसमध्ये केव्हा नोंदली गेली, हा दुसरा. मृत्यू जानेवारीत झाला आणि वारसनोंद जूनमध्ये झाली, तर या दोन काळांतील अंतर कोणाही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. संगणकशास्त्रात ते प्रथम स्पष्टपणे वेगळे करावे लागले.

याच सुमारास बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर पोस्टग्रेस ही प्रणाली घडवीत होते. १९८७ मध्ये त्यांनी मांडलेल्या तिच्या साठवणूक-रचनेत जुनी ओळ पुसलीच जात नसे. नवी ओळ शेजारी लिहिली जाई आणि कोणत्याही गतक्षणी सर्व तक्ते कसे होते ते विचारता येई. संबंधित नोंदींच्या प्रश्नाला यापेक्षा सरळ उत्तर दुसरे नव्हते, कारण संपूर्ण डेटाबेसच एका क्षणापाशी नेला की सर्व जोडण्या आपोआप जुळतात. परंतु जुन्या ओळींच्या ओझ्याने गती मंदावत असे आणि जागाही फार लागे. पुढे ही प्रणाली पोस्टग्रेएसक्यूएल या नावाने स्वयंसेवकांच्या हाती आली आणि १९९७ मधील ६.२ या आवृत्तीत गतकाळात डोकावण्याची ही सोय काढून टाकण्यात आली. एका उत्तम कल्पनेचा तो अकाली अंत होता असे म्हणावेसे वाटते. त्या काळातील तबकड्यांच्या किमती पाहता तो निर्णय समजण्यासारखाही आहे.

व्यापारी क्षेत्रात ओरॅकलने २००१ मध्ये फ्लॅशबॅक या नावाने मर्यादित काळापुरती अशी सोय दिली. एसक्यूएलच्या प्रमाणकात प्रणालीनेच आवृत्त्या जपण्याची तरतूद येण्यासाठी मात्र २०११ साल उजाडावे लागले. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २०१६ मध्ये, तर मारियाडीबीमध्ये २०१८ मध्ये आली.

वेब ॲप्लिकेशनचा काळ

या दिरंगाईच्या काळातच वेबचा प्रसार झाला. कार्यालयातील चार कारकुनांऐवजी कोणीही, कोठूनही नोंद बदलू लागला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिले विकी सुरू केले आणि जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया आला. कोणालाही बदल करू देण्याचे धाडस शक्य झाले, कारण तो बदल पूर्ववत करणे हे बदल करण्याइतकेच सोपे ठेवले गेले. पानाच्या प्रत्येक आवृत्तीची स्वतंत्र नोंद, तिचा कर्ता, वेळ आणि कारण, हे सर्व तेथे सर्वांसमोर असते. मात्र तेथेही संबंधित नोंदींची अडचण लपलेली नाही. विकिपीडियावरील पानाची पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती उघडली तर मजकूर त्या वेळचा दिसतो, पण त्यात बसविलेले साचे आणि चित्रे आजची दिसतात. मराठी विकिपीडियाच्या वाचकांनाही हा अनुभव घेता येतो. जे दिसते ते पान त्या रूपात कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हते.

२००४ मध्ये रूबी ऑन रेल्स ही चौकट प्रसिद्ध झाली आणि वेब ॲप्लिकेशन लिहिण्याची रीत बदलली. डेटाबेसला जे येत नव्हते ते आता आज्ञावलीत लिहिले जाऊ लागले. नोंद बदलण्यापूर्वी तिची जुनी प्रत एका आवृत्ती-तक्त्यात ठेवणारी जोडसाधने निघाली. त्यांपैकी २००९ मधील पेपरट्रेल विशेष रूढ झाले. बदल कोणत्या वापरकर्त्याने केला हे आज्ञावलीला ठाऊक असते, हा या मार्गाचा मोठा लाभ. डेटाबेसला केवळ ॲप्लिकेशनचे एकच सामाईक नाव दिसत असते. उलट, आज्ञावलीला वळसा घालून थेट डेटाबेसवर केलेला बदल किंवा एका फटक्यात हजारो ओळी बदलणारी आज्ञा या साधनांच्या नजरेतून निसटते. तक्त्याची रचनाच पुढे बदलली तर जुन्या प्रतीतील रकान्यांना परतण्यासाठी घरच उरत नाही, ही आणखी एक अडचण.

मुख्य प्रश्न मात्र संबंधित नोंदींचाच राहिला. पेपरट्रेलमध्ये प्रत्येक नोंदीच्या आवृत्त्या स्वतंत्र असतात. विद्यार्थ्याची नोंद मागे नेली तरी विषयांच्या नोंदी आजच्याच राहतात. २०१५ च्या सुमारास त्यात जोडण्यांचाही मागोवा घेण्याची सोय प्रायोगिक म्हणून आली. अपवाद आणि त्रुटी वाढत गेल्या आणि २०१८ मध्ये ती सोय मुख्य साधनातून वेगळी काढण्यात आली. जावाच्या जगात २००८ च्या सुमारास आलेल्या एन्व्हर्सने निराळी वाट धरली. तेथे एका व्यवहारात बदललेल्या सर्व तक्त्यांतील सर्व नोंदींना एकच आवृत्ती क्रमांक मिळतो. अमुक क्रमांकाच्या वेळी विद्यार्थी, विषय आणि तुकडी कशी होती, हे मग एकत्र विचारता येते.

या दोन वाटांचा वाद नवा नव्हता. आज्ञावलीच्या धारिका जपणाऱ्या सीव्हीएस या जुन्या साधनात प्रत्येक धारिकेला स्वतःचा आवृत्ती क्रमांक असे आणि कोणत्या धारिका एकत्र बदलल्या हे नंतर तर्काने जुळवावे लागे. २००० मध्ये सुरू झालेल्या सबव्हर्जनने संपूर्ण संग्रहालाच एक क्रमांक दिला आणि तो गोंधळ मिटला. एन्व्हर्सने आपली कल्पना सबव्हर्जनवरून घेतल्याचे सांगितलेले आहे. एखादे शास्त्र शेजारच्या खोलीत सुटलेले कोडे पुन्हा मांडून बसते, याचे हे बोलके उदाहरण आहे. गाव नमुना सहाची वही अर्थातच त्याहून जुनी.

मागोवा नसल्याची किंमत

हा केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न नाही, हे ब्रिटनमधील टपाल कार्यालयांच्या प्रकरणातून दिसून आले. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन ही संगणकीय हिशेब प्रणाली शाखांमध्ये बसविली. प्रणालीतील दोषांमुळे हिशेबात तूट दिसू लागली आणि ती शाखाचालकांच्या माथी मारली गेली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक शाखाचालक दोषी ठरविले गेले. काही तुरुंगात गेले, अनेकांचे संसार मोडले. शाखेचा हिशेब चालकाव्यतिरिक्त इतर कोणी दुरून बदलू शकत नाही, असे पोस्ट ऑफिसकडून दीर्घकाळ सांगितले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात प्रणाली पुरविणाऱ्या फुजित्सूचे कर्मचारी शाखाचालकाच्या नकळत व्यवहाराच्या नोंदी घालू, बदलू किंवा काढू शकत होते, हे सिद्ध झाले. ती दोषसिद्धी सरसकट रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

या प्रकरणातील मर्म तांत्रिक आहे तितकेच न्यायशास्त्रीय आहे. इंग्लंडमध्ये संगणक योग्य रीतीने चालत होता हे सिद्ध करण्याची पूर्वीची अट १९९९ च्या कायद्याने रद्द झाली होती आणि तो योग्यच चालत होता असे गृहीत धरले जाऊ लागले. नोंद कशी बनली हे दाखविण्याचा भार अशा प्रकारे त्या व्यक्तीवर आला, जिच्यापाशी नोंदीचा इतिहास पाहण्याचे साधनच नव्हते. चावडीवरील नोटीस आणि हरकतीची मुदत यांचे महत्त्व अशा वेळी कळते.

भारतात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडणे आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीसंबंधीच्या खटल्यात पुन्हा ठामपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात या प्रमाणपत्रावर हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश मूल्याने प्रत काढल्यानंतर धारिका बदललेली नाही एवढे कळते. प्रत काढण्यापूर्वी डेटाबेसमध्ये कोणी काय बदलले होते, हे त्यातून कळत नाही. कंपन्यांच्या हिशेबांपुरती ही उणीव १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमाने काही अंशी भरून काढली. हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा तो नियम आहे. महाविद्यालयांच्या प्रवेश, शुल्क आणि गुणपत्रकांच्या प्रणालींना हा नियम लागू नाही, जरी त्यांतील एका रकान्याच्या बदलावर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष अवलंबून असते.

दुसऱ्या बाजूने अगदी उलट मागणीही पुढे आली आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या भारतीय कायद्यात व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करवून घेण्याचा आणि, कायद्याने ती जपणे आवश्यक नसल्यास, पुसवून घेण्याचा हक्क दिला आहे. इतिहास जपणाऱ्या प्रणालीत ‘पुसणे’ ही क्रियाच नसते. विद्यार्थ्याच्या मूळ नोंदीतून पत्ता व दूरध्वनी काढला तरी आवृत्ती-तक्त्यातील प्रत्येक जुन्या प्रतीत, त्याच्या पालकांच्या नोंदीच्या प्रतींत आणि पावतीवरील मजकुरात ते तसेच राहतात. काही रचनाकार म्हणून व्यक्तिगत तपशील प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळ्या कळीने सांकेतिक करून ठेवतात आणि पुसण्याची वेळ आल्यावर केवळ ती कळ नष्ट करतात. बदल झाला होता, कोणत्या दिवशी झाला आणि कोणी केला, हे तेवढे वाचता येते. काय होते ते मात्र पुन्हा कोणालाही वाचता येत नाही.